एकाच घडणीच्या दोन १६ मिमी प्रोजेक्टरांचे भाग एकमेकांत बदलता येतील का?

अंत्रुजकर, फोंडा

नमस्कार. आमच्या गावातील वाचनालयाकडे दोन १६ मिमी प्रोजेक्टर आहेत. दोन्ही एकाच कंपनीचे आणि एकाच घडणीचे असून पट्टीवरील मॉडेल क्रमांकात केवळ शेवटच्या अक्षराचा फरक आहे. पहिले यंत्र वाचनालयाने फार पूर्वी विकत घेतले होते आणि जत्रेच्या दिवसांत देवळाच्या प्रांगणात त्यावर चित्रपट दाखवले जात. त्याच्या पट्टीवर इंग्लंडचे नाव, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ असा मजकूर आहे. दुसरे यंत्र गावातील एका तारवट्याच्या (बोटीवर नोकरी करणाऱ्या खलाशाच्या) कुटुंबाने अलीकडे भेट दिले. ते मालवाहू बोटीवर खलाशांना चित्रपट दाखवण्यासाठी वापरात होते. त्याच्या पट्टीवर अमेरिकेचे नाव, १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ असे लिहिलेले आहे, म्हणून आम्ही ते स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालवून पाहिले.

पहिल्या यंत्राची मोटर आणि आवाज उत्तम आहे, परंतु शटरच्या (उजेड अडवणाऱ्या फिरत्या पात्याच्या) शाफ्टवरील प्लॅस्टिकचा वर्म, म्हणजे चाकाला फिरवणारा आटेदार भाग, तडकला आहे. यंत्र सुरू केले की टक्‌टक् असा आवाज येतो, काही क्षणांत वरचा लूप (फिल्मची सैल सोडलेली कमान) नाहीसा होतो आणि चित्र उड्या मारू लागते. त्याच्या लेन्सवर बुरशीही धरली आहे. दुसऱ्या यंत्राची यंत्रणा हाताने फिरवली असता लोण्यासारखी फिरते आणि लेन्स स्वच्छ आहे. मात्र त्याचा आवाज जड व खालच्या पट्टीत येतो आणि एकूण चालही संथ वाटते. त्याची मोटर दमलेली असावी असा येथील काही जणांचा अंदाज आहे.

दुसऱ्याचा वर्म, क्लॉ (फिल्म एकेक चौकट खाली ओढणारा आकडा) आणि लेन्स काढून पहिल्याला बसवावी आणि एक चांगले यंत्र तयार करावे, असा आमचा विचार आहे. बाहेरून पाहता हे भाग अगदी सारखे दिसतात. दिव्यांचा मात्र प्रश्न आहे, कारण एकात २५० वॅटचा आणि दुसऱ्यात २०० वॅटचा दिवा आहे, दोन्ही २४ व्होल्टचे आहेत आणि दोघांच्या पिना एकाच सॉकेटमध्ये बसतात. कपाटात माहितीपटांच्या आणि काही जुन्या मराठी चित्रपटांच्या प्रिंट आहेत. त्या पुन्हा पडद्यावर याव्यात एवढीच इच्छा आहे. कोणते भाग बेधडक बदलावेत आणि कोणत्यांना हात लावू नये, हे जाणकारांनी कृपया सांगावे.


म्हापशाचा ऑपरेटर

आपण विचारूनच काम हाती घेत आहात हे फार चांगले केलेत, कारण अशा दुरुस्तीत यंत्रापेक्षा प्रिंटचे नुकसान आधी होते. प्रोजेक्टर आजही कुठेतरी मिळू शकतो. मराठी चित्रपटाची १६ मिमी प्रिंट मात्र एकदा फाटली की तिच्या जागी दुसरी मिळेल याची खात्री कोणीही देऊ शकत नाही. म्हणून पहिली विनंती अशी की वर्मचा प्रश्न सुटेपर्यंत पहिल्या यंत्रात कोणतीही प्रिंट घालू नका.

त्या यंत्रात नेमके काय होत आहे ते समजून घेतले की पुढचा निर्णय सोपा होईल. शटरचा शाफ्ट प्रत्येक चौकटीला एक फेरा घेतो, म्हणजे सेकंदाला २४ आणि मिनिटाला १४४० फेरे. क्लॉला हलवणारी चकती, म्हणजे कॅम, याच शाफ्टवर असते आणि याच शाफ्टवरचा वर्म वरखालच्या स्प्रॉकेटांना, म्हणजे फिल्म सरकवणाऱ्या दातेरी चाकांना, फिरवतो. वर्मला चीर गेली की तिच्या जागी दोन आट्यांमधले अंतर किंचित वाढते आणि तो भाग जोडचाकाच्या दातावर आला की चाक अडकते किंवा एक दात चुकवते. आपण ऐकलेली टक्‌टक् हीच आहे. स्प्रॉकेट क्षणभर थांबतो, पण क्लॉ थांबत नाही, तो फिल्म ओढतच राहतो; त्यामुळे वरचा लूप खाऊन टाकला जातो आणि त्यानंतर क्लॉचे टोक भोकांच्या कडा फाडू लागते. पडद्यावर चित्र उडताना दिसते तेव्हा गेटमध्ये (फिल्म उजेडासमोरून जाते त्या खिडकीत) भोके फाटायला सुरुवात झालेली असते.

आता दुसऱ्या यंत्राचा वर्म काढून येथे बसवण्याबद्दल. मी तो काढणार नाही. हे वर्म प्लॅस्टिकचे असून पोलादी शाफ्टवर दाबून बसवलेले असतात. वर्षे जातात तसे प्लॅस्टिक आकसते, शाफ्ट आकसत नाही, आणि तो ताण शेवटी चिरेच्या रूपाने बाहेर पडतो. बेल अँड हॉवेलच्या नंतरच्या काळातील यंत्रांबाबत हे जगभरच्या दुरुस्ती करणाऱ्यांना ठाऊक आहे, परंतु दाबून बसवलेल्या कोणत्याही जुन्या प्लॅस्टिक भागाला हा धोका असतो. आपली दोन यंत्रे एकाच पिढीतील असतील तर दुसऱ्याचा वर्मही त्याच वाटेवर आहे. तो आज शाबूत दिसत असला तरी शाफ्टवरून ओढून काढताना तडकण्याची शक्यता मोठी आहे, आणि तसे झाले तर आपल्याकडे एकाऐवजी दोन बंद यंत्रे उरतील. भिंगाखाली, तिरप्या उजेडात, शाफ्टला लागून असलेली वर्मची कड पाहा. केसाएवढी पांढुरकी रेघ दिसली तर तो वर्म गेलाच असे समजा.

दुसरा मार्ग म्हणजे वर्म, शटर आणि कॅम यांच्यासह अख्खा शाफ्टच एका यंत्रातून दुसऱ्यात नेणे. हा मार्ग मला अधिक योग्य वाटतो, कारण जे भाग वर्षानुवर्षे एकमेकांवर घासून झिजले आहेत त्यांची संगत मोडत नाही. तरीही वर्म ज्या जोडचाकाला फिरवतो त्याचे दात तपासा. तडकलेल्या वर्मने दातांच्या कडा खाल्ल्या असतील तर नवा किंवा दुसऱ्याचा, कोणताही वर्म तिथे फार काळ टिकणार नाही आणि मग चाकही सोबतच न्यावे लागेल. वर्मचे आटे उजवे आहेत की डावे, एकेरी आहेत की दुहेरी, हे दोन्ही यंत्रांत शेजारी ठेवून पाहा. मॉडेलचे अक्षर बदलते तेव्हा कधी कधी एवढाच फरक असतो.

क्लॉबाबत माझे उत्तर सरळ नकाराचे आहे. क्लॉचे टोक, त्याचा कॅम आणि गेटमधील मार्गपट्ट्या यांची झीज एकमेकांना साजेशी झालेली असते. एका यंत्राचा क्लॉ दुसऱ्यात बसतो, फिरतोही, पण टोक भोकाच्या मधोमध जाण्याऐवजी एका कडेला घासते आणि प्रिंटवर त्याची खूण उमटत जाते. ती खूण पहिल्या खेळात दिसत नाही. बदलायचाच असेल तर गेट, क्लॉ आणि कॅम हा संपूर्ण संच बदलावा. आपल्या वर्णनावरून पहिल्या यंत्राच्या क्लॉची काहीच तक्रार दिसत नाही, मग त्याला हात का लावावा?

शाफ्ट हलवल्यानंतर शटरची वेळ जुळवणे विसरू नका. शटरने उजेड अडवलेला असतानाच क्लॉने फिल्म ओढून संपवली पाहिजे. हा मेळ थोडाही चुकला की काळ्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या अक्षरांना वर किंवा खाली शेपूट फुटते. श्रेयनामावलीचा तुकडा लावून अक्षरांकडे पाहत शटर जुळवण्याची आमची जुनी पद्धत आहे आणि तिच्याइतकी स्पष्ट परीक्षा दुसरी नाही. काढण्यापूर्वी शटर आणि शाफ्ट या दोघांवर अणकुचीदार सुईने समोरासमोर रेघ ओढून ठेवा. पेनची खूण तेलाने पुसली जाते.

एक गोष्ट यंत्राबाहेरची, पण याच कामातील आहे. आपल्याकडील दमट हवेत ॲसिटेटच्या (एका प्रकारच्या प्लॅस्टिकच्या) प्रिंट लवकर बिघडतात, त्यांना व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागतो आणि त्या आकसतात. आकसलेली प्रिंट उत्तम यंत्रातही भोके फाडून घेते, आणि मग दोष नव्या बसवलेल्या भागाच्या माथी जातो. टेबलावर पोलादी मोजपट्टी ठेवून शंभर चौकटींची लांबी मोजा. चांगल्या प्रिंटमध्ये ती ७६२ मिलिमीटर भरते. ७५४ च्या आसपास आली तर प्रिंट एक टक्का आकसली आहे. ती क्लॉच्या यंत्रावर चालवण्याचा मोह टाळावा.


मुरगावकर

ऑपरेटर साहेबांनी यंत्रणेबद्दल सांगितलेच आहे, मी विजेच्या बाजूबद्दल लिहितो. सर्वप्रथम, बोटीवरच्या यंत्राची मोटर दमलेली आहे असे मला वाटत नाही. ती ६० हर्ट्झची आहे आणि आपण तिला ५० हर्ट्झवर चालवत आहात, एवढेच त्याचे कारण असावे. बोटींवर बहुधा ६० हर्ट्झचा पुरवठा असतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ बदलत नाही. आणि इंडक्शन मोटरचा वेग हर्ट्झवर ठरतो. ६० च्या जागी ५० मिळाले की वेग पाच षष्ठांश होतो आणि सेकंदाला २४ ऐवजी २० चौकटी सरकतात. आवाजही त्याच प्रमाणात खाली उतरतो. काळी चारमध्ये गायलेले गाणे पांढरी चारच्याही किंचित खाली ऐकू येईल. गावात पेटी वाजवणारे कोणी असतील तर त्यांच्याकडून हे लगेच पडताळता येईल.

घड्याळानेही खात्री करता येते. ४०० फुटांच्या १६ मिमी रिळाला योग्य वेगात सुमारे ११ मिनिटे ७ सेकंद लागतात, तर २० चौकटींच्या वेगात १३ मिनिटे २० सेकंद. रीळ पूर्ण भरलेले असावे आणि चांगल्या प्रिंटऐवजी टाकाऊ फिल्म वापरावी.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की बोटीवरची मोटर पहिल्या यंत्रात कधीही बसवू नका. ती बसेल, फिरेल, आणि यंत्र संथ होईल. शिवाय ६० हर्ट्झसाठी बनवलेल्या मोटरी आणि ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर अधिक प्रवाह खेचतात आणि अधिक तापतात. दुसरी अशी की बोटीवरचे यंत्र आपल्या विजेवर नीट चालवायचे असेल तर मोटरवरच्या पुलीचा व्यास सहा पंचमांश करावा लागतो, म्हणजे २५ मिलिमीटरच्या जागी ३० मिलिमीटर. मोजताना पुलीची बाहेरची कड धरू नका, पट्टा खाचेत जिथे टेकतो तिथला व्यास धरा. काही यंत्रांत पुलीलाच दोन पायऱ्या असतात आणि पट्टा एकीवरून दुसरीवर सरकवला की काम होते. आपल्या यंत्रात तशी दुसरी पायरी आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. मात्र वेग जुळला तरी तापण्याचा प्रश्न उरतोच, म्हणून लांबलचक चित्रपट त्यावर सलग दाखवू नये.

दिव्याबद्दल. २४ व्होल्ट २५० वॅटचा ईएलसी आणि २४ व्होल्ट २०० वॅटचा ईजेएल हे दोन्ही दिवे एकाच प्रकारच्या सॉकेटमध्ये बसतात, आणि घोटाळा नेमका इथेच होतो. पहिला सुमारे १०.४ ॲम्पिअर घेतो, दुसरा ८.३. दोनशे वॅटसाठी बनवलेल्या यंत्रात अडीचशेचा दिवा लावला तर उजेड वाढल्याचा आनंद थोडा वेळ मिळतो. पुढे ट्रान्सफॉर्मर तापतो, सॉकेटच्या पिना काळवंडतात आणि पंख्याची हवा अपुरी पडल्यामुळे गेटही अधिक तापते. यंत्राच्या पट्टीवर किंवा दिव्याच्या झाकणाच्या आतील बाजूस जो क्रमांक छापला आहे तोच दिवा वापरा. काळवंडलेले सॉकेट एका यंत्रातून दुसऱ्यात नेण्यात अर्थ नाही, कारण ते नव्या दिव्याच्या पिनाही जाळते. सॉकेट नवीनच घ्यावे.

आवाजाच्या भागांत तर सारखेपणा फारच फसवा असतो. १६ मिमीच्या अनेक यंत्रांत ४ व्होल्ट ०.७५ ॲम्पिअरचा बीआरके हा एक्सायटर, म्हणजे ध्वनिपट्टीवर उजेड टाकणारा, दिवा असतो. तो दोन्हींत एकच असेल तर खुशाल बदला, परंतु त्याला वीज देणारे सर्किट वेगळे असू शकते हे लक्षात ठेवा. एक्सायटरला शुद्ध डीसी किंवा फार वरच्या वारंवारतेचा एसी दिलेला असतो, कारण थेट ५० हर्ट्झ दिल्यास दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो आणि तीच घरघर ध्वनिक्षेपकातून ऐकू येते. दिव्यासमोर जो प्रकाश टिपणारा भाग असतो तो जुन्या मॉडेलमध्ये काचेची फोटोट्यूब असू शकतो आणि नंतरच्या मॉडेलमध्ये सिलिकॉनचा सेल. ट्यूबला बाहेरून बरेच व्होल्टेज पुरवावे लागते, सेलला नाही. मॉडेलचे नाव तेच ठेवून कंपन्यांनी मधल्या काळात हा बदल केलेला आढळतो, तेव्हा साउंड हेड (ध्वनिपट्टी वाचणारा भाग) आणि ॲम्प्लिफायर यांची जोडी फोडू नये.

दुसऱ्या यंत्राचा आवाज खाली उतरण्याचे कारण हर्ट्झ असले तरी तो जड, म्हणजे स्पष्ट शब्दांविना, का येतो याचे आणखी एक कारण असू शकते. फिल्मची इमल्शनची (चित्राचा थर असलेली) बाजू प्रत्येक प्रिंटमध्ये एकाच दिशेला नसते. ध्वनिपट्टीवर पडणाऱ्या उजेडाच्या बारीक रेघेचा फोकस एका बाजूसाठी लावलेला असेल आणि प्रिंट दुसऱ्या बाजूची असेल, तर ‘स’ आणि ‘श’ विरून जातात. अनेक यंत्रांत त्यासाठी एक छोटी तरफ असते. भाग बदलण्याआधी ती हलवून ऐका.

शेवटी सुरक्षेबद्दल आग्रहाने लिहितो. बोटीवरच्या यंत्राची वायर दोन पिनांची असेल तर त्याच्या धातूच्या सांगाड्याला अर्थिंग नाही. बाजारातील पुष्कळ स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतात, म्हणजे ते घरच्या विजेपासून यंत्र वेगळे करत नाहीत. पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभे राहून अशा यंत्राला हात लावणे धोक्याचे आहे. तीन पिनांची वायर लावून सांगाड्याला अर्थिंग द्या, आणि आत हात घालण्यापूर्वी पिन काढून कपॅसिटर रिकामे करून घ्या.


सासष्टीकर

वरील दोन्ही उत्तरे मोलाची आहेत. तरीही ऑपरेटर साहेबांच्या एका मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. अख्खा शाफ्ट काढून पहिल्या यंत्रात घालणे तांत्रिकदृष्ट्या योग्य असेल, पण त्यामुळे दुसरे यंत्र कायमचे सुट्या भागांचे कोठार होऊन बसते, आणि असे कोठार एकदा झाले की त्यातून आज शाफ्ट, उद्या नॉब, परवा पट्टा असे करत दोन वर्षांत केवळ पेटी उरते. चित्रपटगृहांचे ३५ मिमीचे दिवस संपले आणि २०१० नंतरच्या काही वर्षांत सगळीकडे डिजिटल आले, तेव्हा कितीतरी यंत्रे अशाच रीतीने अर्धवट उघडून भंगारात गेली. ज्यांना ती नंतर जपायची होती त्यांच्या हाती पूर्ण यंत्र क्वचितच लागले. कुटुंबाने बोटीवरून आणून सांभाळलेली वस्तू आपण स्वीकारली आहे, तिला पूर्ण ठेवण्याची जबाबदारीही आपल्याकडे आली आहे, असे मला मनापासून वाटते. तेव्हा जे बदल उद्या उलटवता येतील तेवढेच करावेत.

३५ मिमीमध्ये जुन्या माणसांनी काही नियम फार कसोशीने पाळले. तिथे क्लॉच्या जागी माल्टीज क्रॉस असतो: चार खाचांचे स्टार व्हील आणि त्याला पाव फेरा देणारी पिन असलेला कॅम. सोळा दातांचा स्प्रॉकेट पाव फेऱ्यात चार दात सरकतो आणि एक चौकट खाली येते. स्टार आणि कॅम यांतील मोकळीक इतकी बारीक असते की एका हेडचा स्टार दुसऱ्या हेडच्या कॅमबरोबर लावला तर एक तर तो गरम होऊन आवाज करतो किंवा पडद्यावर चित्र थरथरते. ही जोडी नेहमी तेलासकट, एकाच डब्यात, एकत्र हलवली जाई.

दुसरे उदाहरण गेटच्या अपर्चर प्लेटचे आहे. प्लेट म्हणजे चौकोनी भोकाचा साधा पत्रा, त्यात बदलण्यासारखे काय, असे कोणालाही वाटेल. पण प्रोजेक्शनची केबिन उंचावर असते, उजेड पडद्यावर तिरका पडतो आणि चित्र खाली रुंद होते. म्हणून प्रत्येक चित्रपटगृहात प्लेटच्या कडा तिथल्या पडद्यानुसार कानशीने घासून बसवलेल्या असत. मडगावची प्लेट पणजीच्या त्याच मॉडेलच्या यंत्रात घातली तर एका कोपऱ्यात चित्र कापले जाई आणि दुसऱ्या कोपऱ्यात उजेड पडद्याबाहेर सांडे. लेन्सच्या नळ्यांचेही तसेच: ७०.६५ मिलिमीटरच्या आणि ६२.५ मिलिमीटरच्या अशा दोन्ही प्रचलित होत्या, आणि लहान नळीभोवती कागद गुंडाळून ती मोठ्या धारकात बसवलेली मी पाहिली आहे. अशी लेन्स तापल्यावर हळूहळू कलते आणि चित्राची एक बाजू धूसर होते.

आपल्या लेन्सबद्दल याच संदर्भात सांगतो. नळीचा व्यास आणि आटे जुळत असतील तर लेन्स हा सर्वांत निर्धास्तपणे बदलण्याजोगा भाग आहे, पण तिच्यावर कोरलेले फोकल अंतर आधी वाचा. १६ मिमीची नेहमीची लेन्स ५० मिलिमीटरची असते. बोटीवरच्या छोट्या खोलीसाठी त्याहून कमी, समजा ३८ मिलिमीटरची, दिलेली असू शकते. दहा मीटर अंतरावरून ५० ची लेन्स साधारण १.९ मीटर रुंद चित्र देते आणि ३८ ची २.५ मीटर. दिवा तोच, उजेड मात्र जवळजवळ पावणेदोन पट क्षेत्रावर पसरतो, त्यामुळे प्रांगणातल्या खेळात चित्र मंद वाटेल. वाचनालयाच्या लहान सभागृहात हीच लेन्स सोयीची ठरेल. बुरशी धरलेली लेन्स स्वच्छ लेन्सच्या शेजारी, विशेषतः चामड्याच्या पेटीत, ठेवू नका.

आणखी एक सूचना आट्यांबद्दल. एक यंत्र इंग्लंडचे आणि एक अमेरिकेचे आहे, म्हणजे भाग सारखे असूनही स्क्रू वेगळे असण्याची दाट शक्यता आहे. इंग्लंडच्या जुन्या यंत्रांत बीए (ब्रिटिश असोसिएशन) मापाचे आटे असत, अमेरिकेच्या यंत्रांत इंचाचे. ४ बीएचा स्क्रू ३.६ मिलिमीटर जाडीचा आणि ०.६६ मिलिमीटर पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा), तर अमेरिकेचा ६-३२ हा ३.५ मिलिमीटर जाडीचा आणि ०.७९ पिचचा. एक दुसऱ्यात पहिला दीड फेरा निमूट जातो आणि मग अडतो. तिथे जोर लावला की ॲल्युमिनियमच्या सांगाड्यातील आटे कायमचे जातात. बोटांनी शेवटपर्यंत जाणारा स्क्रूच त्या भोकाचा, असे समजून चाला. दोन्ही यंत्रांचे स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत ठेवा, आणि काढलेल्या प्रत्येक भागाला तो कोणत्या यंत्राचा आहे हे लिहिलेली चिठ्ठी दोऱ्याने बांधा.


अंत्रुजकर, फोंडा

आपणा सर्वांना देव बरे करो. एवढ्या तपशिलात कोणी लिहील अशी अपेक्षा नव्हती.

मुरगावकरांचे निदान बरोबर निघाले. टाकाऊ फिल्मचे भरलेले ४०० फुटांचे रीळ बोटीवरच्या यंत्रावर लावले, त्याला तेरा मिनिटांहून अधिक वेळ लागला. पुलीला दुसरी पायरी नाही. फोकसची तरफ मात्र सापडली आणि ती फिरवताच शब्द उमटू लागले, जरी पट्टी अजून खालचीच आहे. लेन्सवर दीड इंच असे कोरलेले आहे, म्हणजे ३८ मिलिमीटरचा अंदाजही खरा ठरला. भिंगाखाली पाहिल्यावर त्या यंत्राच्या वर्मवरही शाफ्टलगत एक बारीक पांढरी रेघ दिसली, त्यामुळे तो काढण्याचा विचार आम्ही सोडून दिला आहे. सासष्टीकरांचा मुद्दा वाचनालयाच्या समितीलाही पटला आणि दोन्ही यंत्रे पूर्ण ठेवायची असे ठरले.

आता पहिल्या यंत्रासाठी नवा वर्म करून घ्यावा असे वाटते. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारे एक ओळखीचे गृहस्थ नमुना पाहून करून देण्यास तयार आहेत. तडकलेला वर्म नमुना म्हणून पुरेल का, आणि तो पितळेचा करावा की प्लॅस्टिकचा?


म्हापशाचा ऑपरेटर

हा सर्वांत चांगला मार्ग आहे, आणि सासष्टीकरांनी दुसऱ्या यंत्राची बाजू मांडली ते योग्यच झाले. नवा वर्म होणार असेल तर शाफ्ट हलवण्याची गरजच उरत नाही.

तडकलेला वर्म एकटा देऊ नका. चीर उघडल्यामुळे त्याचे पिच बिघडलेले आहे आणि तेच मोजून नवा केला तर बिघाडासकट प्रत तयार होईल. त्याच्याबरोबर जोडचाकही द्या, कारण खरे माप चाकाच्या दातांवर शाबूत असते, आणि दुसऱ्या यंत्राच्या वर्मचा बाहेरचा व्यास जागेवरच कॅलिपरने मोजून लिहून द्या. चाक काढण्यापूर्वी त्याच्या आणि शेजारच्या चाकाच्या दातांवर खूण करा. इंग्लंड-अमेरिकेच्या या यंत्रांतील दाते इंचाच्या मापाचे असतात, मेट्रिक मॉड्यूलचे नव्हेत. एक मॉड्यूल (दात्यांचे मेट्रिक माप) आणि २४ डीपी (डायमेट्रल पिच, दात्यांचे इंचाचे माप) हे डोळ्यांना सारखे दिसतात, पण शेजारी लावले की चाक घरघरते. मेट्रिक लेथवर इंचाचे पिच कापायचे तर १२७ दातांचे बदलचाक लागते, ते त्यांच्याकडे आहे का हे आधीच विचारून घ्या.

जोडचाक प्लॅस्टिकचे असल्याने वर्म पितळेचा किंवा फॉस्फर ब्राँझचा चालेल, परंतु आट्यांची कड गुळगुळीत असली पाहिजे. कापल्यानंतर राहिलेली बारीक कसर चाकाला करवतीसारखी खाते. डेलरिन (एक कठीण प्लॅस्टिक) घेतले तर यंत्र शांत चालते आणि तेही वाईट नाही. दोन्हीपैकी काहीही केले तरी भोक शाफ्टवर दाबून बसेल असे घट्ट ठेवू नका. ते हाताने सरकेल इतपत अचूक रीमरने (भोक नेमक्या मापाचे करणाऱ्या हत्याराने) करून घ्या आणि वर्म ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) शाफ्टवर पक्का करा. जुना वर्म त्या घट्ट बसण्यानेच फुटला आहे. भोक आणि आटे यांचा मध्य एकच असायला हवा, नाहीतर स्प्रॉकेटची चाल प्रत्येक फेऱ्यात कमीजास्त होईल आणि लांबवलेल्या स्वरात ती थरथर ऐकू येईल.

बसवल्यानंतर जुने वाळलेले ग्रीस पूर्ण पुसून प्लॅस्टिकला न खाणारे सिंथेटिक ग्रीस अगदी थोडे लावा. आधी इंचिंग नॉबने पूर्ण फेरे हाताने फिरवून कुठे अडते का ते पाहा, मग अर्धा तास फिल्मशिवाय चालवा, थांबवून वर्म आणि मोटर किती तापली ते हाताने बघा, आणि त्यानंतर टाकाऊ फिल्मचा तुकडा लावा. तो तुकडा काढल्यावर भोकांच्या कडा भिंगातून तपासा. कडा स्वच्छ असतील, वरचा व खालचा लूप शेवटपर्यंत तेवढाच राहिला असेल आणि पांढऱ्या अक्षरांना शेपूट नसेल, तर आपल्या कपाटातील ज्या प्रिंटच्या शंभर चौकटी ७६२ च्या सर्वांत जवळ भरतात, तिच्यापासून सुरुवात करा.